ब्रेक दाबला की रेस वाढते: बूस्टर गेलाय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वारज्यातल्या एका गाडीमालकांची २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना आरपीएमचा काटा ८०० वर असतो. ब्रेक दाबून धरला की तो ११०० च्या आसपास जातो आणि पाय काढेपर्यंत तिथेच राहतो. त्याच वेळी पेडलच्या वरच्या बाजूने बारीक फुसफुस ऐकू येते. शिवाय सकाळी गाडी सुरू करायच्या आधीच ब्रेक दगडासारखा कडक लागतो. गॅरेजवाल्याने आधी थ्रॉटल बॉडी साफ केली, मग प्लग बदलले, आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बघायला हवा म्हणतोय. पुढच्या आठवड्यात ताम्हिणीतून दिवेआगरला जायचा बेत आहे. ब्रेक दाबताना पायाला मदत करणारा बूस्टर गेलाय का, आणि गाडी न्यायची का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नेऊ नका. बूस्टरचं काम होईपर्यंत ही गाडी घाटात नको, आणि शहरातही गॅरेजपर्यंतच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण तुम्ही सांगितलेल्या तीन लक्षणांपैकी दोन एका दोषाकडे बोट दाखवतात आणि तिसरं दुसऱ्याच ठिकाणी नेतं. ईसीएमला तूर्तास कुणी हात लावू नये.

ब्रेकचा आणि रेसचा संबंध येतो कुठून, ते आधी पाहू. पेट्रोल इंजिन आयडलिंगला असतं तेव्हा हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन हवा ओढतायत आणि हवेला वाट नाही, म्हणून झडपेच्या पलीकडे, सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या इन्टेक मॅनिफोल्डमध्ये, व्हॅक्यूम (बाहेरपेक्षा कमी दाब) तयार होतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास घ्यायला गेलं की गाल आत ओढले जातात, तसंच. हा व्हॅक्यूम आयताच मिळतो, म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी तो ब्रेकला जोडला. मॅनिफोल्डपासून एक जाड रबरी पाइप निघतो आणि ड्रायव्हरच्या समोर, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर (फायरवॉलवर) बसवलेल्या काळ्या गोल डब्यात जातो. तो डबा म्हणजे बूस्टर. त्याच्या पुढे पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर टाकणारा मास्टर सिलिंडर, वर ब्रेक ऑइलची बाटली.

डब्याच्या आत एक मोठा रबरी पडदा असतो, डायफ्राम. त्याने डब्याचे दोन कप्पे होतात. पाय पेडलवर नसताना दोन्ही कप्प्यांत व्हॅक्यूम असतो, कारण मधली वाट उघडी असते. तुम्ही पेडल दाबलं की ती वाट बंद होते आणि मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते. पुढे व्हॅक्यूम, मागे बाहेरच्या हवेचा दाब, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर तुमच्या पायाबरोबर त्याचाही जोर पडतो. हा जोर किती असतो याचा लोकांना अंदाज नसतो. २० सेंटिमीटर व्यासाचा पडदा धरा, क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस सेंटिमीटर. आयडलिंगच्या व्हॅक्यूममध्ये दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोहून थोडा जास्त दाब मिळतो. म्हणजे आतल्या स्प्रिंगचं आणि दांड्याचं वजा करूनही दीडशे किलोच्या पुढचा जोर. एवढा आधार अचानक गेला तर पायाला काय वाटेल, याचा विचार करा.

आता रेसकडे. तुम्ही पाय सोडलात की मागच्या कप्प्यात आलेली हवा पुढच्या कप्प्यातून पाइपात आणि तिथून इंजिनात जाते. दाबतानाही पडदा पुढे सरकतो आणि पुढच्या कप्प्यातली थोडी हवा इंजिनाकडे ढकलली जाते. म्हणजे प्रत्येक ब्रेकला इंजिनाला थ्रॉटल सोडून दुसऱ्या वाटेने हवेचा एक घोट मिळतो. त्यामुळे काटा पन्नासएक आरपीएम हलला आणि सेकंदभरात जागेवर आला, तर ते ठीक आहे. पेडल दाबतानाची क्षणभराची ‘फुस्स’सुद्धा ठीक आहे, ती मागच्या कप्प्यात फिल्टरमधून जाणाऱ्या हवेची. पुष्कळ लोक एवढ्यावरच घाबरून येतात आणि पुष्कळ गॅरेजं त्यांना घाबरलेलंच ठेवतात.

तुमच्याकडे मात्र काटा वर जाऊन टिकतो आणि फुसफुसही टिकते. म्हणजे पेडल दाबून धरलेलं असताना हवा सतत आत चालली आहे. हे बूस्टरच्या रचनेशी ताडून बघा. डायफ्राम फाटला असेल तर पाय पेडलवर नसताना काहीच कळणार नाही, कारण तेव्हा दोन्ही बाजूंना व्हॅक्यूमच आहे, गळायला हवाच नाही. पेडल दाबलं की मागे बाहेरची हवा येते, फाटलेल्या जागेतून पुढे जाते, पुढून इंजिनात. जोवर पाय दाबलेला, तोवर हवा चालू. याउलट गळती पाइपात, पाइपाच्या तोंडाशी बसवलेल्या ग्रोमेटमध्ये (रबरी रिंगमध्ये) किंवा डब्याच्या पत्र्यात असती, तर पेडलचा काही संबंधच राहिला नसता. रेस कायमच चढलेली किंवा आयडलिंग कायमच खडबडीत राहिलं असतं. ब्रेकबरोबर येणारा आणि ब्रेकबरोबरच जाणारा बदल डब्याच्या आतला दोष दाखवतो. तुमची पहिली दोन लक्षणं इथे नेमकी बसतात.

सकाळचा कडक ब्रेक मात्र यात बसत नाही. फाटलेला डायफ्राम उभ्या गाडीतला व्हॅक्यूम घालवत नाही, हे वर आलंच. व्हॅक्यूम डब्यात अडकवून ठेवायचं काम नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह करतो. पाइप डब्याला जिथे लागतो तिथे प्लॅस्टिकचा छोटा कोपरा दिसतो, तो बहुधा हाच. काही गाड्यांत तो पाइपाच्या मध्येच असतो आणि वर बाणाची खूण असते. हवा डब्याकडून इंजिनाकडे जाऊ द्यायची, उलट येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. तो नीट बसत नसेल, किंवा त्याखालचं ग्रोमेट वाळून चिरलं असेल, तर इंजिन बंद केल्यावर बाहेरची हवा डब्यात शिरते आणि सकाळी पेडल कडक लागतं. तिसरी शक्यताही आहे: दोष डायफ्राममध्ये नसून पेडलच्या दांड्याभोवतीच्या, मागच्या कप्प्यात हवा सोडणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या सीलमध्ये असेल, तर ते सील विश्रांतीच्या वेळीही थोडं गळतं आणि दाबल्यावर जास्त. तेव्हा तिन्ही लक्षणं एकाच दोषातून येतात. हा फरक घरीच लावता येतो. इंजिन चालू, काच बंद, पंखा बंद, पाय पेडलवर नाही. अशा वेळी पेडलच्या वर कान दिला आणि बारीक फुसफुस ऐकू आली तर कंट्रोल व्हॉल्व्ह. पूर्ण शांतता असेल आणि आवाज फक्त दाबल्यावर येत असेल तर डायफ्राम, आणि सकाळच्या तक्रारीसाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वेगळा तपासायचा. एक सांगून ठेवतो: रात्री गाडी बंद केल्यावर चारपाच वेळा ब्रेक दाबायची सवय असेल तर सकाळी पेडल कडक असणारच. साठलेला व्हॅक्यूम तुम्हीच संपवलेला असतो.

गॅरेजला जायच्या आधी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून तीन गोष्टी करून बघा. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, मग पाय दाबलेला ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलंच नाही तर व्हॅक्यूम डब्यापर्यंत पोहोचत नाही किंवा डबा काम करत नाही. दुसरं, इंजिन दोनएक मिनिटं चालवून बंद करा आणि ब्रेक सावकाश दाबत जा. पहिल्यांदा पेडल खोल जाईल, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. पहिल्याच दाबाला कडक असेल तर व्हॅक्यूम धरून ठेवला जात नाही. तिसरी चाचणी तुमच्यासाठी सगळ्यात बोलकी: इंजिन चालू असताना ब्रेक दाबून धरा, तसाच धरून इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. पेडल जिथे होतं तिथेच राहायला हवं. ते पाय मागे ढकलत वर येऊ लागलं, तर डब्यात हवा शिरते आहे.

चौथी चाचणी मेस्त्रीकडून करून घ्या. एकाने ब्रेक दाबून धरायचा, काटा ११०० वर जाऊ द्यायचा, आणि दुसऱ्याने इंजिन आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या मधला जाड पाइप कापड गुंडाळून पाइप-क्लॅम्पने आवळायचा. रेस लगेच ८०० वर आली तर हवा बूस्टरकडूनच येतेय, वाद संपला. रेस तशीच राहिली तर गळती इंजिनाच्या बाजूला आहे. पकडीने थेट आवळू नका, जुना पाइप तिथेच चिरतो आणि मग एकाच्या दोन तक्रारी होतात. तसंच हवेची गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर (पेट घेणारा सफाईचा स्प्रे) फवारत बसणारे मेस्त्री मला पसंत नाहीत. पेट घेणारी वाफ, गरम मॅनिफोल्ड आणि स्पार्क एकत्र असताना हा उद्योग कशाला? रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं फिरवलं तरी गळती सापडते.

थ्रॉटल बॉडी आणि प्लगकडे मेस्त्री का गेला असेल, तेही समजण्यासारखं आहे. थ्रॉटलच्या कडेला काजळी साठली की आयडलिंग सांभाळायची ईसीएमची ताकद कमी पडते, आणि एसी लागला, लाइट लागले, ब्रेक दाबला, काहीही झालं तरी काटा डगमगतो. पण तसा काटा बहुतेक वेळा खाली जातो, वर जाऊन टिकत नाही. साफसफाईनंतर काही दिवस आयडलिंग थोडं चढलेलं राहू शकतं, कारण जुन्या घाणीच्या हिशेबाने शिकलेला आकडा ईसीएमला पुन्हा शिकावा लागतो. मात्र तेही ब्रेक दाबला-न दाबला, दोन्ही वेळी सारखंच दिसेल.

बाहेरची हवा शिरल्यावर रेस वाढेल की इंजिन अडखळेल, हे गाडीच्या सेन्सरवर ठरतं आणि इथेच पुष्कळांचा घोळ होतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. हवा कुठल्याही वाटेने आली तरी दाब वाढलेला त्याला दिसतो, ईसीएम त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतं आणि रेस चढते. तुमच्या गाडीचं वागणं याच जातीचं आहे. काही गाड्यांत हवेचा प्रवाह मोजणारा मॅफ सेन्सर फिल्टरच्या पुढे असतो. त्याला न विचारता आलेली हवा त्याच्या हिशेबात येत नाही, पेट्रोल कमी पडतं, इंजिन थरथरतं, कधी सिग्नलला ब्रेक दाबताच बंदही पडतं. बूस्टर तोच, फाटलेलाही तसाच, लक्षण मात्र उलटं.

स्कॅनर लावला असेल तर नुसते कोड बघून सोडू नका. मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ किंवा आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचा पी०५०७ दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर किंवा ईसीएम बदलायचं कारण नाही. चालू आकड्यांत फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोलमध्ये करत असलेली कमी-जास्त दुरुस्ती) आणि मॅनिफोल्डचा दाब उघडा, आयडलिंगला ठेवा, ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दाब आणि ट्रिम पेडलच्या तालावर हलत असतील तर ईसीएम आपलं काम इमानेइतबारे करतंय. मग ब्रेक दाबलेला ठेवूनच २५०० आरपीएमवर बघा. व्हॅक्यूमची गळती आयडलिंगला ठळक असते, रेस वाढली की एकूण हवेच्या मानाने ती किरकोळ होते आणि ट्रिम जागेवर येतं.

एक शंका विजेची. ब्रेक दाबला की मागचे २१ वॉटचे दोन दिवे लागतात, वर तिसरा. अल्टरनेटरवर त्याचं ओझं नगण्य. पण अर्थिंग खराब असेल तर तेवढ्यानेही काही गाड्या वेडंवाकडं वागतात. वेगळं करायची युक्ती साधी आहे: पेडलला नुसता स्पर्श करा, दिवे लागतील पण बूस्टर जागा होणार नाही, इतकाच. तेवढ्यावर काटा हलला तर तक्रार वायरिंगची. एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) किंवा ऑटोमॅटिक गाडी असती तर उत्तर आणखी लांबलं असतं, कारण तिथे ब्रेकचा स्विच क्लच आणि क्रीपशीही, म्हणजे ब्रेक सोडताच गाडी आपोआप सरकण्याशीही, बोलतो. तुमची मॅन्युअल आहे, तो विषय इथेच सोडतो.

बोनेट उघडाल तेव्हा दोन जागा नक्की बघा. गाडीला बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर त्याची व्हॅक्यूमची नळी कुठे जोडली आहे? मॅनिफोल्डला स्वतंत्र जोड न घेता बूस्टरच्या जाड पाइपलाच टी मारून दिलेली मी बरेचदा बघतो, आणि त्या टीचे क्लिप सैल झाले की ब्रेकचा व्हॅक्यूम तिथूनच जातो. हे काम काढून नीट करून घ्याच. दुसरी जागा उंदरांची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर गाडी उभी राहिली की पुण्यातले उंदीर रबरी पाइपांवर हात साफ करतात, आणि जाड पाइपाची खालची बाजू कुरतडलेली वरून दिसत नाही.

आणि ब्रेक ऑइलची बाटली बघा. पातळी उतरतेय पण चाकाशी किंवा बाहेर कुठेच ओल नाही, असं असेल तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळून ऑइल बूस्टरच्या डब्यात उतरत असण्याची दाट शक्यता. डायफ्रामचं रबर ब्रेक ऑइलने फुगतं, खराब होतं. कधी ते ऑइल व्हॅक्यूमच्या पाइपातून इंजिनातही जातं आणि मागून पांढरा धूर येतो, मग लोक हेड गास्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) फुटलं समजून त्याच्या मागे लागतात. अशा वेळी नुसता बूस्टर बदलून उपयोग नाही, मास्टर सिलिंडरही त्याबरोबरच करावा लागतो, नाहीतर नवा डायफ्रामही त्याच वाटेने जाईल.

आता घाटाचं. बूस्टर गेला म्हणजे ब्रेक गेला असं नाही. पेडल, मास्टर सिलिंडर आणि चाकं ऑइलने जोडलेलीच असतात, फक्त तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला कितीतरी पट जोर लावावा लागतो. चालत्या गाडीत पेडल एकदम कडक झालं तर पाय उचलून पंप मारू नका. उरलासुरला व्हॅक्यूम प्रत्येक उचलण्याबरोबर खर्च होतो. पूर्ण पाय, कंबर सीटला टेकवून, एकदाच दाबून धरा आणि गिअर खाली आणा. याउलट पेडल मऊ, स्पंजसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील किंवा कुठेतरी गळती. या तक्रारी बूस्टरच्या नाहीत.

ताम्हिणी, कात्रज, खंबाटकी, कुठल्याही उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडणं किंवा इंजिन बंद करणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर झालेल्या ट्रकच्या अपघातांनी याची किंमत पुरेशी दाखवली आहे. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, व्यवस्था वेगळी, पण ब्रेकसाठीची हवा तिथेही इंजिनच भरतं आणि न्यूट्रलमध्ये ब्रेक तापतात तेही सारखंच. कारमध्ये इंजिन बंद केलंत तर डब्यातला साठा दोनतीन दाबांपुरता, त्यानंतर पाय एकटा. आणि वाचत तर काहीच नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की ठरावीक आरपीएमच्या वर इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच. शिवाय गिअरमध्ये थ्रॉटल बंद आणि रेस चढलेली असते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो, म्हणजे बूस्टरला नेमकी उतारावर भरपूर रसद मिळते.

उंचीचाही थोडा हिशेब आहे. व्हॅक्यूम गेज लावलं तर समुद्रसपाटीला चांगलं पेट्रोल इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच पारा दाखवतं. दर ३०० मीटर चढलं की सुमारे एक इंच कमी होतो. पुणे साधारण ५६० मीटरवर, म्हणून इथे पंधरा-सोळा ते एकोणीस हा निरोगी आकडा. मुंबईचं मॅन्युअल उघडून पुण्यात इंजिन खराब ठरवणारे भेटतात, त्यांना हे सांगा. महाबळेश्वरला, १३०० मीटरच्या वर, आणखी अडीचएक इंच जातात आणि पेडल थोडं जड वाटतं. तो दोष नाही. डिझेल गाड्यांत ही भानगड वेगळी, कारण बहुतेक डिझेल इंजिनात मॅनिफोल्डमधून ब्रेकपुरता व्हॅक्यूम मिळत नाही. तिथे स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असतो, काहींत अल्टरनेटरच्या मागे, काहींत कॅमशाफ्टच्या टोकाला. त्यांचा ब्रेक कडक झाला तर पंपापासून सुरुवात करायची.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा. आधी पाइप, ग्रोमेट आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. हे काही शेकड्यांचं काम आहे आणि सकाळची तक्रार बहुधा तिथेच मिटेल. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघता येतो, एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. त्यानंतर पाइप आवळायची चाचणी. ती बूस्टरवर बोट ठेवत असेल तर बूस्टर पूर्ण बदला. हा डबा उघडून डायफ्राम चिकटवून देणारे आहेत, स्वस्तात देतात, मी कुणालाही ते सुचवत नाही. भंगारातून काढलेला बूस्टरही नको, त्याचं रबर किती जुनं आहे ते बाहेरून कळत नाही.

नवा बसवताना बूस्टर आणि मास्टर सिलिंडरच्या मधल्या पुश रॉडची लांबी मेस्त्रीने मोजली का, हे उभं राहून विचारा. तो किंचित लांब राहिला तर पाय नसतानाही मास्टर सिलिंडर थोडा दाबलेला राहतो, ऑइल परत जायची वाट बंद होते आणि ब्रेक चिकटतात. ट्रायल घेताना सिंहगड रोडने खडकवासल्यापर्यंत जाऊन या, मग उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, चाकाला लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं, किंवा सपाटीवर न्यूट्रलमध्ये गाडी सहज सरकत नसेल, तर गाडी तशीच परत गॅरेजला न्या. दिवेआगर त्यानंतर.